आखाजीला उघडणारी बाग

आमोदखेड्याच्या बागेचं फाटक वर्षातून एकच दिवस उघडं असे, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी. बाकी सगळं वर्ष त्या फाटकाजवळ गावची शेळीसुद्धा रेंगाळत नसे, कारण आत दोधू माळी असे आणि दोधूच्या हातात कायम काही ना काही असे. खुरपं, कोयता, नाहीतर नुसतंच ढेकूळ. नेमही चांगला होता त्याचा.

दोधू उंच, काटकुळा, उन्हाने रापलेला माणूस. माणसांपेक्षा झाडांशी जास्त बोले, आणि झाडांनाही बहुतेक वेळा रागेच भरे. पपनसाने फळ कमी धरलं की दोन दिवस त्याच्याकडे बघत नसे. गावातले लोक त्याला हसत, पण त्याच्या तोंडावर कुणी हसत नसे.

बाग तापीच्या काठावर होती, सारंगखेड्यापासून दोन कोसांवर. ठाकूर जालमसिंगांच्या वडिलांनी तिथे उन्हाळ्यात राहायला कोठी बांधली होती. दोन मजली, खिडक्यांना निळ्या-तांबड्या काचा, आणि वरच्या मजल्याला लाकडी जाळीचा सज्जा. फाटकापासून कोठीपर्यंत अशोकाची रांग. उजव्या हाताला एकवीस आंबे, डाव्या हाताला गुलाबाचे वाफे, मधे दगडी कारंजं, मागे कमळांचा हौद, आणि हौदापलीकडे चिंचा आणि वड. हे सगळं विहिरीच्या मोटेवर जगत होतं. मोट भिला नावाचा गडी हाके आणि पाटाने आलेलं पाणी दोधू झाडाझाडाला पाजे.

आखाजीला बाग उघडायची ही चाल काही जुनीपुराणी नव्हती. ती ठकराणींनी पाडली. ठकराणी म्हणजे जालमसिंगांच्या बायको. त्यांचं माहेर लांब माळव्यात. पंधराव्या वर्षी त्या इथे आल्या आणि पडद्याआड गेल्या. मूलबाळ झालं नाही. ठाकूर बरेचदा शिकारीला नाहीतर इंदूरला, आणि ठकराणी कोठीच्या सज्जात, जाळीमागे. त्यांना मराठी शिकवायला एक म्हातारा कारकून ठेवला होता, त्यामुळे त्या अगदी पुस्तकातल्यासारखी मराठी बोलत. आमोदखेड्यात तशी मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे त्या शिकल्या तरी बोलणार कुणाशी, हा प्रश्न राहिलाच.

आखाजी हा खानदेशातल्या लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, गौराई मांडतात, सांजोऱ्या आणि आंब्याचा रस खातात, आणि झाडांना झोके बांधून दिवसभर गात बसतात. एका आखाजीला ठकराणींनी सज्जातून ते गाणं ऐकलं. पुढच्या वर्षी, एकोणीसशे सहा साली, त्यांनी गावात दवंडी पिटवली. माहेरी आलेल्या सगळ्या लेकींनी कोठीच्या बागेत यावं, बाग बघावी, झोके घ्यावेत. आणि दोधूला हुकूम आला की मागच्या चिंचांना आणि वडांना झोके बांध.

दोधू तसाच कोठीकडे धावला. “सरकार, बाग गयी म्हना,” तो सज्जाखाली उभा राहून म्हणाला. जाळीतून उत्तर आलं, “गेली तर पुन्हा लावू. तू आहेस ना.”

शंभरावर पोरी आल्या. हातात हात घालून, नवी लुगडी नेसून, आधी फाटकाशी बुजून उभ्या राहिल्या आणि मग एकदम आत शिरल्या. दोधू काठी घेऊन मागेमागे. पण एकीने फूल तोडलं नाही. तीन-चार रोपं पायाखाली गेली, त्यांचं सुतक त्याने महिनाभर पाळलं, ते सोडून द्या. झालं असं की एका पोरीने त्याला विचारलं, “आबा, हाई कशानं झाड शे?” ते पपनस होतं. दोधूने पपनसाबद्दल सांगितलं. मग दुसरीने रामफळाबद्दल विचारलं. कारंजं कसं उडतं ते तिसरीने विचारलं. दुपार झाली तेव्हा दोधू पुढे आणि शंभर पोरी मागे, अशी वरात बागभर फिरत होती, आणि हा माणूस गेल्या दहा वर्षांत बोलला नसेल एवढं तो त्या दिवशी बोलला.

तिथून पुढे त्याला आखाजीची चटकच लागली. चैत्र उजाडला की तो कामाला लागे. वाटांवर तापीची बारीक वाळू, झोक्यांचे दोर तपासायचे, चार-चार माणसं लोंबकळवून फांद्या बघायच्या, कारंज्याची टाकी भरून ठेवायची. टाकी भरायला भिल्याच्या बैलांना दोन दिवस लागत आणि कारंजं तासभरच उडे, पण ते उडलं की पोरी अशा किंचाळत की दोधूची मान ताठ होई. धुळ्याहून एकदा कुणी गोरा साहेब मडमेला घेऊन बाग बघायला आला होता, त्याने “वेरी गुड” म्हटलं होतं. दोधूला त्याचं काही वाटलं नाही. त्याला पोरींनी तोंडाला पदर लावून “आगं माय” म्हटलेलं हवं असे.

संध्याकाळी सगळ्या गेल्या की तो सज्जाखाली जाई. फाटकातून आत आलेल्या प्रत्येक लेकीमागे तो एक चिंचोका खिशात टाके.

“किती आल्या, दोधू?” जाळीमागून विचारणा होई.

“एकशे चौदा, सरकार.”

“सगळ्या आनंदात होत्या?”

“व्हय सरकार.”

एवढंच बोलणं. दोधूने ठकराणींचं तोंड कधी पाहिलं नाही. पण वर्षभरात त्याच्याशी मनापासून कुणी दोन शब्द बोलत असेल तर ती ही जाळीच.

त्याची बायको प्लेगात गेली होती. मागे एक पोर, जमना. ती बागेतच वाढली. पाटात पाय सोडून बसणारी, बापाच्या आधी गुलाबावरची अळी हेरणारी. आखाजीला बाप पोरींना बाग दाखवत फिरे तेव्हा ती झोक्यांपाशी उभी राहून लहान पोरींना चढवत-उतरवत असे. आपण कधी झोका घेई ना. “मी माहेरले येसू तवय लेसू,” म्हणे. सासरी गेलेल्या पोरींचा तो मान, हे तिने आपलं आपणच ठरवलं होतं. पंधराव्या वर्षी, सतरा साली, तिचं लग्न झालं. तळोद्याकडचं माळ्याचंच घर, बरी जमीन, मिरचीचा मळा. लोक म्हणाले दोधूने स्थळ चांगलं काढलं. खरंच चांगलं काढलं होतं.

आता लग्नानंतरची पहिली आखाजी. तिकडची रीत अशी की लेक आपण होऊन माहेरी येत नाही. तिला न्यायला माणूस जावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी म्हणजे भाऊ, भाऊ नसला तर बाप, बाप नसला तर चुलता. सणाच्या दोन-तीन दिवस आधी तो सासरी जातो, पाहुणचार घेतो आणि तिला गाडीत बसवून आणतो. जमनाला भाऊ नव्हता, चुलता नव्हता. म्हणजे जायचं दोधूने.

आणि तेच दोन-तीन दिवस बागेचे सगळ्यात गडबडीचे. वाळू पडायची होती, दोर बांधायचे होते, टाकी अर्धीच भरली होती. दोधूने खूप विचार केला आणि चुकीचा केला. त्याने भिल्याला पाठवलं. त्याच्या मते भिल्यासारखा भरवशाचा माणूस नव्हता. भिल्याने जमनाला खांद्यावर खेळवलं होतं. मोट आपण दोन दिवस हाकू, पण दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत, असा त्याचा हिशेब. दोर आपणच बांधायला हवेत हे खरं होतं थोडंसं. जास्त खरं हे होतं की त्या दिवशीचं कौतुक त्याला सोडवत नव्हतं.

भिला आखाजीच्या आदल्या दिवशी परत आला. एकटाच. जमनाच्या सासूने, भिकुबाईने, त्याला गूळपाणी दिलं, जेवू घातलं, आणि निरोप दिला. भिल्याने तो जसाच्या तसा सांगितला. “आमनी सून बागना गडीसंगे जावाव नही. तिना बाप शे ना जित्ता? त्याले धाडा.”

“आनि जमना?” दोधूने विचारलं.

“ती दारना मांगे उभी व्हती,” भिला म्हणाला. “काही बोलनी नही.”

दोधू संतापला. माझा माणूस परत पाठवला! माझ्या माणसाला गडी म्हणाली! दुसऱ्या दिवशी, आखाजीला, त्याने एकशे वीस पोरींना बाग दाखवली आणि एकदाही हसला नाही. वडाच्या एका झोक्यावर तो कुणाला बसू देईना. संध्याकाळी तो झोका त्याने तसाच सोडला. पुढच्या वर्षी ते लोक माफी मागतील, मग बघू, असं तो म्हणाला. माफी कशाची मागायची हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी तो गेला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पहिल्या दोन वर्षी राग होता. मग राग ओसरला तर लाज उरली. इतक्या दिवसांनी कोणत्या तोंडाने जायचं? आणि सगळ्यांना सांगायला बाग होतीच. आखाजीला दोधू बागेतून हलणार कसा?

निरोप मात्र तो दर वर्षी धाडे, दाऊदच्या हाती. दाऊद पिंजारी शहाद्याचा. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव गाद्या-रजया पिंजत फिरे आणि दोन्ही गावं त्याच्या वाटेवर होती. तो बागेच्या फाटकाशी हाक मारी, आणि ज्याच्यावर दोधू ढेकूळ उगारत नसे असा आमोदखेड्याबाहेरचा तोच एक माणूस. त्याच्याकडूनच दोधूला कळलं की जमनाला मुलगी झाली, मग मुलगा झाला, सासरा वारला, मळ्यात नवी विहीर झाली. दोधू दाऊदजवळ पाडाचे आंबे देई आणि म्हणे, “तिले सांग, आखाजीले ये म्हना. झोका बांधेल शे.”

दाऊद एक-दोन वर्षं मुकाट्याने निरोप पोचवत राहिला. मग एकदा पिंजण खाली ठेवून म्हणाला, “दोधूभाऊ, मी मुसलमान मानूस, तुमन्या रीती मन्हापेक्षा तुले जास्त मालूम. पन ‘ये’ असा निरोप धाडनं आनि लेवाले जानं, हाई एक शे का?”

“तिले रस्ता मालूम शे,” दोधू म्हणाला. “फाटक उघडं शे.”

दाऊदने मान हलवली आणि पिंजण उचललं. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

एकदा भेटही झाली होती, अशी तशी. सत्तावीस साली, सारंगखेड्याच्या यात्रेत. दोधू ठाकुरांच्या घोड्यांबरोबर गेला होता. घोडेबाजाराच्या कडेला, बांगड्यांच्या दुकानांशी, सासू आणि दोन मुलांबरोबर जमना उभी होती. अंगाने भरलेली, कपाळाला मोठं कुंकू. भिकुबाई शहाणी बाई, ती मुलांना घेऊन मुद्दाम पुढे सरकली.

जमना वाकून पाया पडली. मग उभी राहिली आणि बापाकडे बघत राहिली. ती काहीतरी ऐकायची वाट बघत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

“गुलाब बराच धरना औंदा,” दोधू म्हणाला.

“बरं.”

“कारंजानी टाकी दुरुस्त करी. आते दीड तास उडस.”

“बरं, आबा.”

“आखाजीले येजो. तुन्हा झोका मी कोन्हले देत नही. दरसाल बांधस.”

जमनाने खाली बघितलं. “बरं,” म्हणाली, पदर नीट केला आणि सासूच्या मागे गेली. दोधू अगदी खूश होऊन परत आला. आपण तिला स्वतः बोलावलं, आता ती येणारच, म्हणून त्या वर्षी त्याने वडाचा दोर नवा आणला. ती आली नाही. मग मात्र त्याला खरंच वाईट वाटलं, आणि त्याने मनाशी धरलं की पोर दगडाच्या काळजाची निघाली.

असे विसाला एक कमी, एकोणीस आखाज्या गेल्या. जालमसिंग वारले. कोठीतले नोकर कमी झाले. निळ्या काचा फुटल्या तिथे पत्रे लागले. पहिल्या वर्षी आलेल्या पोरी आता आपल्या लेकींना घेऊन येऊ लागल्या आणि त्या लेकी दोधूला आजा म्हणू लागल्या. तो सगळ्यांना बाग दाखवी. पपनस, रामफळ, हौद, कारंजं. शब्दही तेच. संध्याकाळी बाग रिकामी झाली की फांद्यांखाली तुडवलेली माती आणि लोंबते दोर तेवढे राहत. दोधूला ती वेळ वर्षात सगळ्यात वाईट वाटे. एरवीच्या एकटेपणाला तो सरावला होता. पण दिवसभर दुसऱ्यांच्या लेकींचं हसू ऐकल्यावर झोपडीत जाऊन एकट्याने भाकरी खायची, ती घशाखाली उतरत नसे.

सदतीस सालच्या आखाजीला तो नेहमीसारखा सज्जाखाली उभा राहिला.

“किती आल्या, दोधू?” ठकराणींचा आवाज फार बारीक झाला होता.

“चौऱ्याऐंशी, सरकार.”

“तुझी?”

हा प्रश्न त्यांनी आधीही दोन-तीनदा विचारला होता आणि दोधूने दर वेळी ‘पुढला साल’ म्हणून वेळ मारून नेली होती. ह्या खेपेला त्याच्याने खोटं बोलवलं नाही. तो म्हणाला, “नही उनी. कधीच नही उनी, सरकार. दरसाल निरोप धाडस. फाटक उघडं शे म्हनस. नही येत.”



“तू न्यायला कधी गेलास?”

दोधू खिशातले चिंचोके चाचपू लागला.

“मला इथे येऊन बेचाळीस वर्षं झाली,” ठकराणी म्हणाल्या. “माझे भाऊ दर वर्षी पत्र लिहीत. हे घर तुझंच आहे, केव्हाही ये, असं लिहीत. फार प्रेमाने लिहीत. न्यायला मात्र कुणी आलं नाही. केव्हाही ये म्हणणाऱ्याच्या घरी कसं जायचं, दोधू? सासरची माणसं विचारतात, तुला कोण न्यायला आलं आहे? मग काय सांगायचं?”

दोधू तिथेच कारंज्याच्या कठड्यावर बसला. दाऊदने हेच सांगितलं होतं, पण ते दाऊदचं सांगणं होतं. हे जमनाच सांगते आहे असं त्याला वाटलं. दाराआड उभी राहून काही न बोललेली पंधरा वर्षांची जमना.

“पुढच्या आखाजीला फाटक दुसरा कुणी उघडेल,” ठकराणी म्हणाल्या. “तू जायचंस. हा हुकूम समज.”

पौषात ठकराणी वारल्या. कोठीतून त्यांना बाहेर आणलं तेव्हा दोधूने पहिल्यांदा त्यांचं तोंड पाहिलं. लहानसं होतं. रडणारं जवळचं असं कुणी नव्हतं, म्हणून दोधूच रडला, आणि आपण नोकर माणूस, आपण एवढं रडू नये, हेही त्याला सुचलं नाही.

इंदूरहून जालमसिंगांचे पुतणे आले. त्यांनी कोठीला कुलूप लावलं, घोडे विकले, आणि दोधूला सांगितलं की आंब्यांना तेवढं पाणी दे, बाकीचं राहू दे. आखाजीचं कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांना ते काय आहे हेच ठाऊक नव्हतं. फाटकाला दुसरं कुलूप पडलं आणि त्याची किल्ली इंदूरला गेली. दोधू आता कुंपणाच्या खिंडारातून आत-बाहेर करी.

त्यामुळे अडतीस सालच्या आखाजीला दोधूला कसलीच गडबड नव्हती. वाळू टाकायची नव्हती, टाकी भरायची नव्हती. शहाद्याच्या बाजारातून त्याने एक हिरवं लुगडं घेतलं, धुतलेलं धोतर नेसला आणि निघाला. प्रकाशा गावाशी नावेतून तापी ओलांडली, पुढे कधी चालत, कधी कुणाच्या बैलगाडीत. ऊन असं की डोळ्यांपुढे काजवे. वय साठीच्या पुढे. वाटेत त्याला अनेक गाड्या लागल्या, एकेका गाडीत एकेक भाऊ आणि त्याच्यामागे पदराखाली हसणारी एकेक बहीण. तो प्रत्येक गाडीकडे बघे. परत येताना आपलीही अशीच गाडी असेल, एवढंच त्याच्या मनात. जमना पुढे बसायचा हट्ट करील. लहानपणी करायची.

आखाजीला दोन दिवस होते. तो पोचला तेव्हा दुपार कलली होती. जमना अंगणात सांजोऱ्यांसाठी रवा निवडत बसली होती. केसांत बऱ्याच पांढऱ्या बटा. तिने वर बघितलं आणि सूप तसंच मांडीवर राहिलं.

“आबा?”

“तुले लेवाले उनू, जमना,” दोधू म्हणाला. वाटभर घोकलेलं वाक्य होतं. “बाग बंद पडनी. झोका नही, काही नही. पन लेवाले उनू. सकाय निंघूत.”

जमना उठली. त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं, पाणी दिलं, पाय धुवायला तांब्या दिला. ओसरीवरच्या खाटेवर भिकुबाई पडली होती. डोळ्यांनी अधू, कानांनी नाही.

“आबा,” शेवटी जमना हळूच म्हणाली, “आज मन्ही मंगला येई ऱ्हायनी. लगीननंतरनी पहिली आखाजी शे तिन्ही. पोऱ्या तिले लेवाले जायेल शे. आते मी घर सोडीसन कशी येसू?”

हे दोधूच्या ध्यानातच आलं नव्हतं. मंगला झाली, मोठी झाली, गेल्या माघात तिचं लग्न झालं, सगळं दाऊदने वेळच्या वेळी सांगितलं होतं. तरी दोधू आज जिला न्यायला आला होता ती पंधरा वर्षांचीच होती. जिच्याकडे आता लेक माहेरी येणार, ती स्वतः माहेरी कशी जाणार? तिचं माहेरपण संपलं होतं. आणि तो एका वर्षाने उशिरा आला होता. वीस वर्षांनी नव्हे, एका वर्षाने, हे त्याला पुढच्या बोलण्यावरून कळलं.

“दरसाल आखाजीना दोन दिन आगोदर मी बोचकं बांधी ठेवू,” जमना रव्यातले खडे वेचत म्हणाली. “दोन लुगडा, फनी, पोरंसना कपडा. वाटेकडे देखू. आखाजी व्हयनी का सोडी टाकू.”

“कवलोंग, कोनता सालपावत?”

“मांगला सालपावत. औंदाच नही बांधं.”

दोधूने डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलं. त्याला रडायचं होतं, पण लेकीच्या दारात बापाने रडू नये म्हणून तो पागोट्याची घडी उलगडत आणि पुन्हा घालत बसला. “मन्ही चूक व्हयनी, पोरी,” एवढं तो म्हणाला. जमनाने पुढे होऊन ते पागोटं त्याच्या हातातून घेतलं, नीट गुंडाळलं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं.

दिवस मावळायच्या आत गाडी आली. सोळा वर्षांची मंगला चाक थांबायच्या आधीच खाली उडी मारून धावत आत आली आणि आईच्या गळ्यात पडली. आळीतल्या बायका जमल्या. सगळ्या एकदम बोलत होत्या, हसत होत्या. दोधू ओसरीच्या कोपऱ्यात सरकून बसला. आपण इथे कशाला आहोत, असं त्याला झालं.

एका बाईचं लक्ष त्याच्याकडे गेलं. “जमनाबाई, ह्या बाबा कोन शेत वं?”

जमना वळली. “मन्हा बाप शे,” ती म्हणाली. मग आवाज चढवून, खाटेकडे तोंड करून, आळीच्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणाली, “माले लेवाले येल शे.”

भिकुबाईने कूस बदलली.

आणि मग जमनाने ते ज्या-त्या बाईला सांगितलं. कुणी मंगलाची चौकशी करायला आली तरी आधी हे. माझा बाप आला आहे, मला न्यायला आला आहे, पंधरा कोस चालत आला आहे. हिरवं लुगडं चार घरी दाखवून आणलं. हे सांगताना तिचा आवाज असा येत होता की दोधूला मान वर करवेना.

सणापर्यंत राहा म्हणून ती फार मागे लागली. त्याने आंब्यांच्या पाण्याचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे दुसऱ्या एका घरी लेक आलेली बघत आखाजीचा दिवस काढायची आता त्याच्यात ताकद नव्हती. असे बत्तीस दिवस त्याने काढले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. जमना वेशीपर्यंत आली, पाया पडली आणि वळली. विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका बाईने तिला हटकलं, “काय वं, बाप एकलाच निंघना? तू जात नही का?”

दोधू फार लांब गेला नव्हता. त्याला जमनाचं उत्तर ऐकू आलं.

“औंदा नही जमनार, बहीन. घरमा पोर येल शे,” ती म्हणाली. “पन तो लेवाले येल व्हता.”